पैनगंगेच्या वळणावरचा माहूरगड

उमरखेडच्या दक्षिणेकडून वाहणारी पैनगंगा पुढे उत्तरेला वळते आणि माहूरच्या डोंगराला तीन बाजूंनी वेढते. या डोंगरावरचा किल्ला म्हणजे माहूरगड ऊर्फ रामगड. शेजारच्या दोन टेकड्यांवरून तट फिरवून मधल्या घळीत तळे राखले आहे. खाली नदी, भोवती सागाचे रान आणि पोटात पाणी, एवढ्या बळावर तो शतकानुशतके तगला. वऱ्हाड, मराठवाडा आणि तेलंगण यांच्या सांध्यावर असल्याने प्रत्येक सत्तेला तो हवासा वाटला.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात बहमनींनी तो गोंडांकडून घेतला. बहमनी वजीर महमूद गवानने 1480च्या सुमारास वऱ्हाडाचे दोन तरफ, म्हणजे प्रांत, केले. एकाचे ठाणे गाविलगड, दुसऱ्याचे माहूर. पुढे इमादशाही आली, 1574मध्ये निजामशाहीने वऱ्हाड जिंकले आणि 1596मध्ये ते मोगलांकडे गेले. ‘आईन-ए-अकबरी’त माहूर हे वऱ्हाड सुभ्यातले एक ‘सरकार’, म्हणजे महसुली विभाग, म्हणून नोंदले आहे.

बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत आलेल्या शाहजादा खुर्रमने, म्हणजे पुढच्या शाहजहानने, 1623मध्ये आपले हत्ती आणि जड सामान माहूरला तिथल्या देशमुख उदारामाच्या हवाली केले आणि तो तेलंगणाकडे निघून गेला. याच देशमुख घराण्यातली सावित्रीबाई ‘रायबागन’ या किताबाने ओळखली जाते. 1661मध्ये उंबरखिंडीत ती मोगल सरदार कारतलबखानाच्या फौजेत होती. शिवरायांनी वाट रोखली, पाण्यावाचून सैन्य तडफडू लागले, तेव्हा शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच खानाला दिला. माहूरच्या इतिहासातली ही सर्वांत तेजस्वी व्यक्ती.

मोगलांनंतर गड हैदराबादच्या निजामाकडे आला. 1853मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. उमरखेड त्यात राहिले, माहूर निजामाकडेच. सरहद्द पुन्हा माहूरपाशी आली, पण ती आता कागदावर आणि करारांत सांभाळली जात होती. तटाबुरुजांचे काम तिथे उरले नव्हते. 1948मध्ये निजामी राजवट संपली आणि 1956मध्ये पैनगंगेचे दोन्ही काठ एकाच राज्यात आले.

आज हत्ती दरवाजा भक्कम उभा आहे. चिनी महालासह आतल्या वास्तू पडझडीच्या वाटेवर आहेत. शेजारच्या शिखरांवर मात्र रेणुका, दत्त आणि अनसूया यांच्या दर्शनाला माणसांची रीघ असते. त्या गर्दीतली थोडी पावले गडाकडे वळली आणि पडका तट वेळीच सावरला गेला, तर या प्रदेशाची अर्धी विसरलेली कहाणी टिकेल. सरहद्दीने घडवलेल्या गडाला सरहद्द पुसल्यानंतर आधार द्यायचा तो दोन्ही काठांच्या लोकांनीच.