भिंगरीचा हिशेब

गेल्या श्रावणात ताई गेली. कुठल्यातरी आडगावच्या स्टँडवर हिचं काहीतरी होणार, असं भाकीत अर्ध्या नातेवाइकांनी करून ठेवलं होतं. प्रत्यक्षात ती स्वतःच्या पलंगावर, झोपेत गेली. दहाव्याला तेच नातेवाईक म्हणत होते, ‘काय मनस्वी जगली हो! कशाची म्हणून फिकीर केली नाही.’ मनस्वी होती हे खरं. पण फिकीर केली नाही, हे मला पटत नाही.

ताई साताऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर ‘तुम्ही का केलंत?’ म्हणायची आणि विषय तिथेच संपायचा. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. 1988 मध्ये एसटीने ‘आवडेल तेथे प्रवास’चा पास काढला, तेव्हा दादा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, ‘महामंडळानं हिच्यासाठीच काढलेला दिसतोय.’ एकदाच पैसे भरायचे आणि मुदत संपेपर्यंत लाल गाडी नेईल तिथे जायचं. सुट्टी लागली की ताई निघालीच. लोणारचं विवर, मार्कंड्याजवळ उत्तरेकडे वळणारी वैनगंगा, सिरोंचाला गोदावरीला मिळणारी प्राणहिता. भूगोलाच्या पुस्तकात ओळीभर असलेलं ती बघून यायची आणि वर्गात तासभर सांगायची. नळदुर्गला ती मुद्दाम भर पावसाळ्यात गेली. तिथे बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. वरून पाणी कोसळत असतं आणि आत उभं राहिलेलं माणूस कोरडं राहतं. ‘डोक्यावरून अख्खी नदी जाते गं!’ हे पुढे वर्षभर आल्यागेल्याला ऐकावं लागलं.

तिची पिशवी भरणं बघण्यासारखं असे. दोन सुती साड्या, एक पंचा, सुईदोरा, मेणबत्ती, शेंगदाणे-गुळाचा डबा आणि तळाशी आमच्या सगळ्यांचे पत्ते लिहिलेली कोरी पोस्टकार्डं. पत्ते आधीच का लिहिलेस, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, ‘तिथे गेल्यावर कंटाळा येतो. पत्ता लिहिलेला असला की दोन ओळी खरडाव्याच लागतात.’

सगळंच काही गोड नव्हतं. माझ्या मुलीच्या साखरपुड्याला एकुलती एक मावशी हजर नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी चिंचेची गोणी घेऊन उगवली आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं. मी चार दिवस बोलले नाही. तिने मनधरणी केली नाही. चिंच तेवढी फोडून, मीठ लावून बरण्यांत भरून गेली. घरातल्या मोकळ्या माणसाची गैरसोय घरच्यांनाच होते, हे बाहेरून कौतुक करणाऱ्यांना कळत नाही.

पण तिची ट्रंक उघडली तेव्हा वह्या निघाल्या. हिशेबाच्या. पिठलं-भाकरी, धर्मशाळा, चहा, सगळं तारखेसकट. पुढे निघण्याआधीच्या नोंदी होत्या: दादांच्या औषधांचे पैसे शेजारच्या काकूंकडे दिले, विम्याचा हप्ता भरला, अमुक मुलाची परीक्षा फी भरली. ते मूल कोण, हे आम्हाला दिवसकार्याला कळलं. चाळिशीतला एक गृहस्थ दारात उभा राहिला आणि ‘बाईंनी फी भरली होती’ एवढंच म्हणाला. सोनं तिने केलं नाही, फ्रीज शेवटपर्यंत घेतला नाही, शाळेतली रजा कधी जास्तीची घेतली नाही. आधी देणं भागवायचं, मग पिशवी उचलायची, हा क्रम वह्यांत कुठे चुकलेला दिसला नाही.

आपल्याकडे दोनच खाती असतात, जबाबदार माणसांचं आणि मनमौजी माणसांचं. ताई जिवंत असताना तिला दुसऱ्या खात्यात टाकून तिची काळजी केली गेली आणि गेल्यावर त्याच खात्यात ठेवून तिची आरती ओवाळली गेली. माझ्या मते ती आम्हा सगळ्यांत जास्त शिस्तीची होती. आम्ही शिस्त घर भरण्यासाठी वापरली, तिने बाहेर पडण्यासाठी.

तुमच्याही घरात असं एखादं भिंगरी लागलेलं माणूस असेल. ‘स्थिर कधी होणार?’ हा प्रश्न त्याला पुष्कळांनी विचारून झालेला असतो. तुम्ही ‘आता कुठे निघालास?’ एवढं विचारा, आणि उत्तर बसून ऐका.