संख्या नव्हे, आकारही पाहा

लघवीच्या अहवालातील तांबड्या पेशी पाहून माझ्याकडे येणारे ज्येष्ठ बहुधा एवढेच विचारतात, "डॉक्टर, फार आहेत का?" सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात ३ किंवा अधिक पेशी दिसल्यास तपास करावाच लागतो, परंतु रक्त कोठून आले, याचा सुगावा त्यांचा आकार देतो. मूत्रपिंडाच्या गाळणीतून पिळवटून निघालेल्या पेशी वेड्यावाकड्या होतात. सोबत प्रथिनेही असल्यास मूत्रपिंडविकाराची शंका बळावते. पेशी शाबूत असल्यास खडा, प्रोस्टेट वा मूत्राशयातील गाठ यांचा शोध घ्यावा लागतो. आपल्या विदर्भात सिकलसेलही ध्यानात ठेवावा लागतो. त्याच्या केवळ वाहकाच्याही लघवीतून रक्त जाऊ शकते.

नमुना ताजाच द्यावा. तासन्‌तास ठेवलेल्या लघवीत पेशी आपोआप विद्रूप होतात.

नागपूरच्या उन्हाळ्यात लघवी लाल दिसली, की "उन्हाळी लागली" म्हणून आपण धन्याचे पाणी पितो. कोणी रक्त पातळ करणाऱ्या गोळीला दोष देऊन ती परस्पर बंद करतो. कृपया तसे करू नये. रक्त एकदाच दिसून थांबले आणि मुळीच दुखले नाही, तरीही तपासून घ्यावे. उतारवयात न दुखणारे रक्तच अधिक काळजीचे असते.