खाली बसलेली मुलं

चि. निनाद,


परवा फोनवर तू विचारलंस, "मावशी, तीन वेळा इशारा दिला, माईकवरून कलम वाचून दाखवलं, तरी पोरं रस्त्यातून उठत नाहीत. मग लाठी उगारायची नाही तर करायचं काय?" मागून कुणीतरी तुला हाका मारत होतं, आणि या प्रश्नाला घाईत उत्तर देणं मला पटेना, म्हणून लिहिते आहे. प्रशिक्षण संपलं की तू एखाद्या ठाण्यात फौजदार म्हणून हजर होशील. असली वेळ पहिल्याच महिन्यातही येईल आणि तेव्हा मावशीला फोन लावायला सवड नसेल.

तुला एक प्रसंग सविस्तर सांगते. तो अमेरिकेतला आहे, पण मुद्दाम निवडला, कारण त्या दुपारी काय घडलं, कोणी काय ठरवलं, कोण गप्प बसलं, हे चौकशीत बारकाईने नोंदलं गेलं आणि तो अहवाल लोकांपुढे आला. आपल्याकडे अशा प्रसंगांनंतर दोन बाजूंच्या दोन कहाण्या उरतात, आणि चौकशी झालीच तर तिचा अहवाल कपाटात जातो.

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ डेव्हिस नावाचं गाव आहे. शेतकी शिक्षणासाठी नावाजलेलं सरकारी विद्यापीठ तिथे आहे. सरकारी अनुदान आटत चाललं होतं, फी वर्षागणिक चढत होती, आणि २०११ साली तर चार वर्षांत ती ८१ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल असा प्रस्ताव चर्चेत होता. मुलं चिडली होती. त्यातच ९ नोव्हेंबरला बर्कलीच्या आवारात, हातात हात गुंफून उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांना पोलिसांनी दंडुक्यांनी ढोसलं. अमेरिकेचे माजी राष्ट्रकवी रॉबर्ट हास तेव्हा सत्तर वर्षांचे होते. मुलांसोबत उभे असताना त्यांनाही मार बसला. हात गुंफून उभं राहणं हीच हिंसा आहे, असा बचाव तिथल्या पोलीस अधिकाऱ्याने नंतर केला. हे वाक्य तू लक्षात ठेव, कारण वेगवेगळ्या शब्दांत ते तुलाही ऐकवलं जाईल.

डेव्हिसच्या मुलांनी १७ तारखेला विद्यापीठाच्या मधल्या हिरवळीवर तंबू ठोकले. दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे शुक्रवारी १८ नोव्हेंबर २०११ रोजी, शिरस्त्राणं घातलेले विद्यापीठाचे पोलीस तंबू हटवायला आले. काहींना अटक झाली. तोवर बरेचसे तंबू मुलांनी स्वतःच काढले होते. मग अटक झालेल्यांना सोडा म्हणत मुलं फरसबंद वाटेवर रांगेत खाली बसली, एकमेकांच्या कोपरात कोपर अडकवून. बाकीचे भोवती उभे राहून घोषणा देत होते.

आता चित्रफितीत जे दिसतं ते नीट वाच. जॉन पाइक नावाचा लेफ्टनंट बसलेल्या मुलांच्या रांगेवरून पाय टाकून पलीकडे येतो. कुणी त्याचा पाय धरत नाही, कुणी धक्का देत नाही. आम्हाला गर्दीने घेरलं होतं, बाहेर पडायला वाट नव्हती, असं पोलिसांचं नंतर म्हणणं होतं. पण त्याच क्षणी त्यांचा अधिकारी त्या 'वेढ्या'तून एक पाऊल उचलून बाहेर आलेला आहे. तो मिरपुडीच्या फवाऱ्याचा मोठा लाल डबा हात उंचावून सगळ्यांना दाखवतो, हलवतो, आणि रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत मुलांच्या तोंडावर नारिंगी फवारा सोडत जातो. मग परत फिरतो आणि पुन्हा फवारतो. मुलं उठत नाहीत. कुणी जाकीट डोक्यावर ओढून घेतं, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यात तोंड लपवतं.

तो डबा एमके-९ जातीचा होता. दुरून मोठी गर्दी पांगवण्यासाठी तो बनवतात आणि निदान सहा फुटांवरून मारा असं त्याच्याबद्दल सांगितलेलं असतं. त्या पोलीस दलाच्या मंजूर साहित्यात तो नव्हताच आणि त्याचं शिक्षणही कुणाला दिलेलं नव्हतं. तुला आत्ता अकादमीत प्रत्येक साधन कसं, कुठून, किती वापरायचं हे शिकवताहेत, ते तास कंटाळवाणे वाटले तरी मन लावून कर.

यानंतर जे झालं त्याचा उल्लेख फारसा होत नाही, पण तुझ्या कामाचं तेच आहे. "लाज वाटू द्या" अशा आरोळ्यांत ती गर्दी पोलिसांच्या अंगावर सहज गेली असती. तसं झालं नाही. एकाने वाक्य म्हणायचं आणि सगळ्यांनी मोठ्याने ते पुन्हा म्हणायचं, या रीतीने मुलांनी पोलिसांना सांगितलं की तुम्ही तुमची हत्यारं घेऊन शांतपणे जाऊ शकता, आम्ही तुम्हाला वाट देतो. पोलीस पाठमोरे न होता एकेक पाऊल मागे सरकत निघून गेले. ज्यांच्यामुळे शांततेला धोका आहे असं सांगून पोलीस धाडले होते, त्या मुलांनीच शांतता सांभाळली.

माजी न्यायमूर्ती क्रूझ रेनोसो यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी गट नेमला गेला आणि एप्रिल २०१२ मध्ये त्याचा अहवाल आला. हा फवारा टाळता आला असता आणि टाळायलाच हवा होता, हा त्याचा निष्कर्ष. फवारा मारण्याची जबाबदारी त्यांनी पाइकवर टाकलीच, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. भर दुपारी पोलीस पाठवण्याच्या निर्णयाची मुख्य जबाबदारी कुलपती लिंडा कटेही यांच्यावर ठेवली. बाहेरचे लोक आवारात घुसलेत ही धास्ती वरच्या मंडळींनी घेतली होती. तंबूंत प्रामुख्याने विद्यार्थीच आहेत ही जागेवरची माहिती असूनही ती तपासून घेतली गेली नाही. सगळ्यात महत्त्वाचं, कोणत्या कलमाखाली आपण जातो आहोत हेच कुणी ठरवलं नव्हतं. जो मुक्कामबंदीचा कायदा पुढे केला गेला तो रात्री वस्ती करण्याबद्दलचा. दुपारी तीनच्या सुमारास कुणी वस्ती करत नव्हतं. खालच्या अधिकाऱ्यांना या कारवाईबद्दल शंका होत्या. त्या वर ठामपणे पोचल्याच नाहीत.

निनाद, मला सांगायचं आहे ते इथेच. लाठी कुणाच्या हातात असते ते सगळ्यांना दिसतं. पण ती खोलीतच ठरलेली असते, पाच-सहा माणसांच्या बैठकीत, जिथे एकाला वरून फोन आलेला असतो, दुसऱ्याला शनिवार-रविवार शांत हवा असतो आणि "कलम कोणतं?" हे विचारायला कुणी तयार नसतं. ते विचारणारा माणूस तू व्हावंस असं मला वाटतं, आणि ही नुसती मावशीची इच्छा नाही. जमाव पांगवण्याचा हुकूम देण्याचा अधिकार कायद्याने ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला, आणि तो नसेल तर उपनिरीक्षकाच्या खालच्या दर्जाचा नसलेल्या अधिकाऱ्याला दिला आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२९ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १४८. म्हणजे रेघ तुझ्याच दर्जाशी ओढली आहे. कायदा करणाऱ्यांना माहीत होतं की एवढं समजण्याची जबाबदारी फौजदारावर टाकता येते.

त्याआधी राज्यघटना आहे. कलम १९(१)(ब): शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, पण निर्बंध घालणाऱ्याने कारण दाखवायचं असतं. जमणाऱ्याने परवानगीची भीक मागायची नसते. अहमदाबादच्या हिंमतलाल शहा यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की रस्त्यावरच्या सभांचं नियमन करता येतं, सरसकट बंदी घालता येत नाही. ४ जून २०११ च्या रात्री रामलीला मैदानात झोपलेल्या लोकांवर पोलीस चालून गेले, त्याबद्दल २०१२ मध्ये न्यायालयाने दिल्ली पोलिसांना जबाबदार धरलं. २०२० मध्ये काश्मीरच्या प्रकरणात तेव्हाच्या कलम १४४ बद्दल सांगितलं की वेगळं मत दाबायला ते वापरायचं नाही. आपल्याकडे मुंबई-पुण्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे जमावबंदी आदेश पंधरा-पंधरा दिवसांनी निघत राहतात, जणू एकत्र येणं हा अपवाद आहे. तू ते आदेश वाचशील तेव्हा घटनेचं कलम शेजारी ठेवून वाच.

दुसरी बाजूही सांगते. शाहीनबागेच्या निकालात न्यायालयाने म्हटलं की सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. रुग्णवाहिका अडकते, कुणाची परीक्षा बुडते, हे खोटं नाही. रस्ता मोकळा करणं तुझं काम असेल आणि ते तू करावंस. पण "उठत नाही" आणि "मारतो आहे" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बसलेल्या माणसाने आपलं शरीर तुझ्या ताब्यात दिलेलं असतं. चौघांनी मिळून एकाला उचलायचं, गाडीत बसवायचं, नाव लिहून घ्यायचं, मग पुढचा. वेळ लागतो, पाठ भरून येते, टीव्हीवर रुबाबदार दिसत नाही. पण इतकंच बळ कायद्याला मान्य आहे. मुली असतील तर महिला पोलीस हव्यातच, आणि सूर्यास्तानंतर त्यांना अटक करायची तर त्यासाठीचे खास नियम आहेत. छातीवर नावाची पट्टी हवी, डी. के. बसू निकालापासून अटक करणाऱ्याची ओळख दिसली पाहिजे असा दंडक आहे. पट्टी काढून बंदोबस्ताला उभा राहणारा सहकारी दिसला तर त्याच्या शेजारी उभा राहू नकोस.

डेव्हिसचा हिशेब पुढे बरीच वर्षं चालला. पाइकला नोकरीवरून काढलं, पण सरकारी वकिलांनी त्याच्यावर खटला भरायला नकार दिला. विद्यापीठाने २१ जणांना प्रत्येकी ३० हजार डॉलर दिले आणि कुलपतींनी त्यांची लेखी माफी मागायची असं ठरलं. मानसिक त्रास झाला म्हणून पाइकला ३८ हजार डॉलरची भरपाई मिळाली. ज्यांच्या डोळ्यांत त्याने फवारा मारला त्यांच्यातल्या प्रत्येकापेक्षा जास्त. हे मी कितीदाही वाचलं तरी मला संताप येतो. आणि २०१६ मध्ये उघड झालं की इंटरनेटवरून त्या प्रसंगाच्या खुणा मागे ढकलण्यासाठी विद्यापीठाने जनसंपर्क कंपन्यांवर निदान पावणेदोन लाख डॉलर खर्च केले होते. फीवाढीविरुद्ध बसलेल्या मुलांच्या विद्यापीठाने!

कटेही मूळच्या ग्रीसच्या. १७ नोव्हेंबर १९७३ च्या पहाटे लष्करी राजवटीने अथेन्सच्या पॉलिटेक्निकच्या फाटकावर रणगाडा घातला, तेव्हा त्या तिथल्या विद्यार्थिनी होत्या. फवाऱ्यानंतर तीन दिवसांनी हजारो मुलांपुढे त्यांनी स्वतःच ते सांगितलं आणि क्षमा मागितली. मला वाटतं, त्या क्षणी त्या खरं बोलत होत्या. म्हणूनच त्यांची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. जो माणूस तरुणपणी फाटकाच्या आत उभा होता, तोही खुर्चीत बसल्यावर तंबूंना भितो.

तूही आत उभा होतास. ११ मार्च २०२१, पुण्याचा शास्त्री रस्ता. तीन दिवसांवर आलेली एमपीएससीची पूर्वपरीक्षा सरकारने पुढे ढकलली आणि सदाशिव पेठेतल्या खोल्यांमधून, अभ्यासिकांमधून तुम्ही सगळे रस्त्यावर येऊन बसलात. त्या रात्री तू मला फोन केला होतास, आवाज बसलेला होता. कुणाचं वय संपत होतं, कुणाच्या घरून शेवटचे पैसे आले होते. तुमच्या हातात दगड नव्हते; हॉलतिकिटं होती. तुम्ही रस्त्यावर बसलात म्हणून सरकारला जाग आली आणि परीक्षा २१ मार्चला झाली. उद्या तुझ्या खांद्यावर जे दोन तारे चढणार आहेत, त्यांच्यामागे रस्त्यावर बसण्याचा तो हक्क आहे. मुंबईत हुतात्मा चौकात सरकार ज्यांना पुष्पचक्र वाहतं, ती माणसंही पोलिसांच्याच गोळ्यांनी पडली होती, हेही तुला ठाऊक आहे.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हुकूम आला की आधी कलम विचार आणि तो लेखी माग. लेखी मिळाला नाही तर कुणी, किती वाजता, काय सांगितलं ते ठाण्याच्या दैनंदिनीत लिही. बसलेल्यांत बोलणारा एक कोण आहे ते शोध आणि काठी बाजूला ठेवून त्याच्याशी बोल. त्यांना निघायला खरी वाट आहे का, हे स्वतः चालून बघ. इशारा त्यांना समजेल अशा भाषेत आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असा दे, आणि त्यानंतर थांब. हवालदारांना आधीच बजावून ठेव की डोक्याला, मानेला लाठी लागता कामा नये, आणि पळणाऱ्याच्या मागे धावायचं नाही. रुग्णवाहिका आधीच बोलावून ठेव. वरिष्ठ चिडले तर चिडू दे. बदलीची भीती दाखवतील, तीही होऊ दे. तुझ्या आईची समजूत मी काढीन.

रेनोसो अहवालाची प्रत सोबत पाठवते आहे. इंग्रजी आहे, पण कठीण नाही. कारवाईला कायद्याचा आधार होता का, हे तपासणारा भाग आधी वाच आणि सुट्टीत येशील तेव्हा मला सांग, त्या बैठकीत तू असतास तर कुठल्या वाक्यापाशी बोलला असतास.

तुझी,
मावशी