हनुवटीला लावून बोर्ड मोजू नका

गुलमर्गच्या बाजारात स्नोबोर्ड भाड्याने देणाऱ्या दुकानात शिरलं की पहिली पाच मिनिटं बहुतेक ठिकाणी सारखीच जातात. दुकानदार भिंतीला टेकवलेला एक बोर्ड उचलतो, गिऱ्हाइकाच्या शेजारी उभा धरतो आणि टोक हनुवटीपर्यंत आलं की "बस, हा तुमचा" म्हणून बूट शोधायला लागतो. पहिल्यांदाच बर्फावर उतरणाऱ्याचं एवढ्यावर भागतं. पण ज्याला दोन्ही बाजूंना वळता येतं, जो मध्यम उतारावरून न पडता खाली येतो आणि आता जरा चढा उतार, झाडांतली वाट, ताजा भुसभुशीत बर्फ असं सगळं खुणावू लागलंय, त्याचं नुकसान या मापापासूनच सुरू होतं.

हा लेख त्या मधल्या पायरीवरच्या रायडरसाठी आहे, आणि त्यातही आपल्याकडच्या. फुलंब्रीहून निघणाऱ्याला आधी संभाजीनगर, तिथून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली किंवा थेट अमृतसर, पुढे जम्मू, श्रीनगर, तंगमर्ग आणि मग गुलमर्ग, असा पल्ला पडतो. एवढं करून वर्षाकाठी बर्फावरचे आठ-दहा दिवस हाती लागतात. आल्प्सच्या पायथ्याशी राहणारा एक बोर्ड ताज्या बर्फासाठी आणि दुसरा घट्ट बर्फासाठी ठेवू शकतो. आपल्या माणसाला एकाच बोर्डावर सगळं निभवायचं असतं. अशा सर्व प्रकारच्या बर्फासाठी बनवलेल्या बोर्डांना 'ऑल-माउंटन' म्हणतात. दिवसातल्या सगळ्यात वाईट बर्फावर तो कसा वागतो, यावर त्याची परीक्षा करावी. चांगल्या बर्फावर जवळपास प्रत्येक बोर्ड चांगलाच वाटतो.

आणि वाईट बर्फ हमखास मिळतो. गुलमर्ग जगभर ओळखलं जातं ते वरच्या अफरवट डोंगराच्या खोल, कोरड्या बर्फामुळे. पण जानेवारी २०२४ मध्ये तिथली कुरणं उघडी पडली होती. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला आणि ९ ते १२ मार्च दरम्यान झाला. मार्चमध्ये सकाळी नऊला उतार कडक असतो, दुपारी दोनला त्याचाच चिखल होतो आणि संध्याकाळी तो पुन्हा गोठतो. रजा टाकून, तिकीट काढून गेलेला माणूस "आज बर्फ बरा नाही" म्हणून खोलीत बसून राहत नाही. त्यामुळे त्याच्या बोर्डाला कडक बर्फावर धार धरता, म्हणजे कडेने घट्ट पकडून राहता, आलीच पाहिजे.

मापापासून सुरुवात करू. बोर्डाला तुमची उंची कळत नाही, वजन कळतं. बोर्ड वाकतो तो वजनाने, बर्फावर तरंगतो तोही वजनाच्या हिशोबाने. म्हणून कंपन्यांच्या तक्त्यांत प्रत्येक लांबीपुढे किलोंचा पट्टा दिलेला असतो. ७२ किलोच्या माणसाला साधारण १५५ ते १५८ सेंटिमीटरचा बोर्ड बसतो, मग तो साडेपाच फुटांचा असो की सहा फुटांचा. त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला वजन येत असेल तर एक माप मोठं घ्यावं. खोल बर्फात फिरायचा बेत असेल तरीही मोठ्या मापाकडे झुकावं.

लांबीइतकीच महत्त्वाची असते ती कमरेची रुंदी, म्हणजे बोर्ड मध्यभागी सर्वांत अरुंद असतो तिथलं माप. दुकानात याबद्दल क्वचितच कोणी विचारतं. आपल्याकडच्या ८ नंबरचा स्नोबोर्ड बूट बाहेरून साधारण ३० सेंटिमीटर भरतो. पाय १५ अंशांत तिरका बांधला की बोर्डाच्या आडव्या दिशेने त्याची लांबी २९ सेंटिमीटर उरते. कमर २५ सेंटिमीटर असेल तर पायाखाली बोर्ड अंदाजे २६ भरतो, म्हणजे पुढे-मागे दीड-दीड सेंटिमीटर बूट बाहेर राहतो. हे उत्तम. टाच आणि चवडा थोडे बाहेर असले तरच धारेवर जोर पोचतो. पण त्याच बोर्डावर १० नंबरचा बूट चढवला तर दोन्हीकडे अडीच-अडीच सेंटिमीटर बाहेर येतो. वळताना बोर्ड कलला की बुटाचं टोक बर्फात रुततं, धार सुटते आणि माणूस आपटतो. पडणाऱ्याला वाटतं आपलंच चुकलं. मोठ्या पायाच्या माणसाने 'वाइड' बोर्डच मागावा आणि सोबत टेप न्यायला लाजू नये.

आता कमान. बोर्ड सपाट फरशीवर ठेवा आणि खाली वाकून बाजूने पाहा. जुन्या पद्धतीच्या कॅम्बर बोर्डाचा मध्य फरशीपासून काही मिलिमीटर वर असतो आणि तो टेकतो टोकांजवळ. त्यावर उभं राहिलं की ट्रॉलीच्या कमानपाट्यासारखा तो दाबला जातो आणि वजन पूर्ण धारेवर पसरतं. घट्ट बर्फावर पकड मिळते ती इथून. पण हीच पकड मधल्या पायरीवरच्या रायडरला महागही पडते. बोर्ड सपाट चालवताना लक्ष विचलित झालं आणि उताराकडची धार चुकून टेकली, तर सावरायला वेळच मिळत नाही. उलट कमानीच्या, म्हणजे रॉकर बोर्डात टोकं आधीच उचललेली असतात. तो चुका पोटात घालतो, खोल बर्फात नाक वर ठेवतो, पण कडक उतारावर भिरभिरतो.

या दोहोंचा मेळ घालणारे बोर्ड आज बाजारात जास्त आहेत: पायांच्या मधोमध कमान आणि टोकांना हलका उठाव. जेरेमी जोन्स यांनी २०१० मध्ये काढलेल्या जोन्स कंपनीचा 'माउंटन ट्विन' याच घडणीचा. बर्टनचा 'कस्टम' १९९६ पासून चालत आलाय आणि तो शुद्ध कॅम्बरमध्येही मिळतो, मिश्र घडणीतही. मला विचाराल तर वर्षाला आठ-दहा दिवस मिळणाऱ्याने मिश्र घडणीचाच बोर्ड घ्यावा, पण कमान पायाखाली असलेला. नुसत्या रॉकरवर शिकलेल्याला धार कशी धरायची हे कधी नीट कळत नाही, आणि पुढचा चढा उतार त्याच्यासाठी बंदच राहतो.

पहिल्या बोर्डांत हे काहीच नव्हतं. अमेरिकेत मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी १९६५ च्या नाताळात मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडून जो 'स्नर्फर' बनवला, त्याला ना पोलादी धार होती ना पाय बांधायची सोय. पुढे नाकाला एक दोरी, बस. जेक बर्टन कार्पेंटर यांनी १९७७ मध्ये व्हरमाँटमध्ये बोर्ड बनवायला घेतले आणि १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. मधल्या वर्षांत बोर्डाला पोलादी धार आली, तळ आला आणि बाजूंना आत वळणारी गोलाई आली.

ही गोलाई म्हणजे साइडकट. बोर्डाची बाजू एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते आणि तिची त्रिज्या मीटरमध्ये छापलेली असते. मधल्या मापाच्या ऑल-माउंटन बोर्डात ती बहुधा ७ ते ८ मीटर असते. बोर्ड जितका कलवाल तितकं वळण आवळत जातं: ८ मीटरचा बोर्ड ४५ अंशांत कलवला तर वळणाची त्रिज्या साधारण ५.७ मीटर होते, ६० अंशांत ४ मीटर. त्रिज्या लहान असेल तर बोर्ड झाडांतून चटकन फिरतो, पण वेगात अस्वस्थ होतो. या पायरीवर साडेसात मीटरच्या आसपासची त्रिज्या मला योग्य वाटते.

ताठपणाच्या आकड्यावर फार विसंबू नये. एक ते दहाच्या पट्टीवर कोणी पाच लिहितं, कोणी सहा, आणि ती पट्टी प्रत्येक कंपनीची स्वतःची. हाताने पाहा. बोर्ड उभा धरून एक टोक जमिनीवर टेकवा आणि मध्यावर तळहाताने दाब द्या. मग दोन्ही टोकं धरून पिळून पाहा. मधल्या रायडरचा बोर्ड लांबीत मध्यम ताठ हवा, पिळताना मात्र थोडा सैल. कारण वळणाची सुरुवात पुढच्या पायाने बोर्ड पिळूनच होते. जो बोर्ड पिळलाच जात नाही, तो चालवणाऱ्याला अख्खं शरीर फिरवायला लावतो.

तळाचा प्रश्न आपल्या बाबतीत वेगळा आहे. वितळवून दाबलेला 'एक्स्ट्रूडेड' तळ स्वस्त, दुरुस्तीला सोपा आणि वॅक्सची फार मागणी न करणारा. भुकटी उष्णतेने व दाबाने घट्ट करून बनवलेला 'सिंटर्ड' तळ वॅक्स शोषतो आणि जास्त वेगाने धावतो, पण वॅक्स नसलं की कोरडा पडून रेंगाळतो. अफरवटवरून तंगमर्ग किंवा बाबारेशीकडे उतरणाऱ्या वाटांवर शेवटी सपाट पट्टे लागतात. स्कीवाला काठ्या मारत निघून जातो, बोर्डवाल्याचा तळ रेंगाळला तर बोर्ड काखेत घेऊन गुडघाभर बर्फातून चालावं लागतं. म्हणून तळ सिंटर्डच घ्यावा, आणि सोबत वॅक्सची वडी व जुनी इस्त्री घेऊन वॅक्स लावायला शिकावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

खरी परीक्षा मात्र उतारावर. गुलमर्ग २,६५० मीटरवर आहे. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रज्जुमार्गाचा, पहिला टप्पा १९९८ चा, तो कोंगडूरीपर्यंत नेतो. दुसरा २००५ चा, तो ३,९०० मीटरच्या वर अफरवटच्या खांद्यावर. दोन बोर्डांची तुलना कोंगडूरीच्या एकाच उतारावर, एकाच सकाळी, तेच बूट आणि पाय बांधायच्या पट्ट्यांचा (बाइंडिंगचा) तोच कोन ठेवून करावी. आधी हळू, सपाट तळावर सरळ जा: बोर्ड आपणहून एका बाजूला ओढतो का? मग टाचेच्या धारेवर एक लांब वळण घ्या आणि थांबून मागे वळून रेघ पाहा. बर्फात बारीक, स्वच्छ रेघ उमटली असेल तर धार धरली. हातभर रुंद खरवडलेला पट्टा दिसला तर बोर्ड घसरला. हीच रेघ चवड्याच्या धारेवरही पाहा, कारण बहुतेकांची एक बाजू कच्ची असते आणि बोर्डाचा दोष कोणता, आपला कोणता, हे दोन्ही रेघा शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. कडक उतारावर पायाखाली थरथर जाणवली तर बोर्ड हलका किंवा फार सैल आहे. दुपारी थकल्यावर तोच उतार पुन्हा उतरा. सकाळी मजेचा वाटलेला ताठ बोर्ड तीन वाजता मांड्यांचं पाणी करतो, आणि अपघात त्याच वेळी होतात.

चांगला बोर्ड हाती आला की गोंडोलाचा दुसरा टप्पा बोलावतोच. तिथे बोर्डाचं परीक्षण करायला जाऊ नये. अफरवटच्या उतारांवर १ फेब्रुवारी २०२३ रोजी हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एक रशियन. धोक्याची त्या दिवसाची पातळी विचारल्याशिवाय, जाणता वाटाड्या आणि बर्फाखाली गाडलेल्याला शोधायची साधनं (बीकन, फावडं, प्रोब) सोबत असल्याशिवाय आखलेल्या वाटेबाहेर पाय टाकू नये. हे मी प्रत्येक नव्या रायडरला सांगतो आणि सांगत राहीन.

विकत घ्यायचं ठरलं तर आधी बूट घ्या. भाड्याचा बूट शंभर पायांनी सैल झालेला असतो. टाच आत उचलली जात असेल तर महागड्या बोर्डाची धारही हुकमात येत नाही. बोर्ड दोन-तीन प्रकारचे भाड्याने वापरून मग ठरवा. अमेरिकेतल्या बे एरियात किंवा कॅनडात कोणी नातेवाईक असेल तर हंगाम संपताना, मार्च-एप्रिलमध्ये, तिकडे बोर्ड स्वस्त होतात. जुना घेताना धारेवर बोट नव्हे, नख आडवं फिरवा. नख सोलून निघालं तर धार जिवंत आहे. बाजूची भिंत आणि धार यांच्यामध्ये फट दिसली तर तो बोर्ड तिथेच ठेवा. तिथून पाणी आत जातं आणि लाकडी गाभा फुगतो.

उरला घरी सांभाळायचा भाग, आणि काश्मीरच्या दुकानदाराला तो सांगता येणार नाही. फुलंब्रीत मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या खोलीत किंवा माळ्यावर पत्र्याला लागून ठेवलेल्या बोर्डाचे थर चिकटवणारं इपॉक्सी त्या उष्णतेत कमकुवत होऊ लागतं, आणि पावसाळ्यात पोलादी धारेला आठवडाभरात तांबूस गंज चढतो. बर्फावरून आल्यावर बोर्ड पुसून पूर्ण कोरडा करा, पट्ट्यांचे स्क्रू सैल करा, तळावर आणि धारांवर वॅक्सचा जाड थर द्या आणि तो खरवडू नका. खालच्या मजल्यावर, आतल्या भिंतीशी, पलंगाखाली आडवा ठेवा. श्रावणात एकदा बाहेर काढून धार पाहा. गंजाचे ठिपके आले असतील तर बारीक दगडाने घासून पुन्हा वॅक्स लावा. डिसेंबरात निघण्यापूर्वी तो थर खरवडून काढा आणि स्क्रू आवळून घ्या.