गाडी दारात आली, पण पिन कुठे लावायची?

नारायणगाव, मंचर, आळेफाटा, कुठेही उभे राहा. दहा मिनिटांत दोन-तीन इलेक्ट्रिक स्कूटर समोरून जातात. आता कोणी वळूनही बघत नाही. शाळेतल्या बाई, पतसंस्थेतला कर्मचारी, दूध घालायला जाणारा पोरगा, सगळे घेतायत. शोरूममध्ये एकच वाक्य ठरलेलं असतं: "घरीच चार्ज करायची, मोबाईलसारखी." गावठाणात पक्क्या घरात राहणाऱ्याला हे बरोबर आहे. पण आपल्या जुन्नर-आंबेगावात निम्मी माणसं मळ्यात, वस्तीवर राहतात. तिथे मोबाईल आणि गाडीतला फरक कळायला एक उन्हाळा पुरतो.

मागच्या महिन्यात एका ओळखीच्या घरी गेलो होतो. स्कूटर पडवीत आणि पिन स्वयंपाकघरातल्या बोर्डात. मधे खिडकीतून काढलेली वायर, तिला दोन ठिकाणी चिकटपट्टी. त्याच बोर्डावर फ्रीज. मी बोर्डाला हात लावला तर कोमट लागला. घरातल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, रोजच होतं तसं." रोज होतं हेच तर वाईट. घरातला एक वायरमन बोलवून हजार-दीड हजारात होणारं काम लाख-सव्वा लाखाच्या गाडीसाठी आपण करत नाही.

आधी हिशोब बघू, कारण पहिला प्रश्न बिलाचाच येतो. साधारण स्कूटरची बॅटरी तीन युनिटच्या आसपास असते. चार्जिंगमधली घट धरून साडेतीन युनिट समजा. त्यात ऐंशी-नव्वद किलोमीटर होतात. तेवढ्याच अंतराला पेट्रोलची गाडी दोन लिटर पिते, म्हणजे दोनशेच्या वर. महिन्यात वीस वेळा चार्ज केली तर सत्तर युनिट वाढतात. इथे एक गैरसमज पारावर फिरतोय, की शंभर युनिट ओलांडले की सगळं बिल वरच्या दराने येतं. तसं नाही. पहिले शंभर खालच्याच दराने राहतात, वरचे तेवढे जवळजवळ दुप्पट दराने लागतात. तरीसुद्धा पेट्रोलच्या पुढे ते काहीच नाही. घरगुती मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करायला वेगळी परवानगी लागत नाही. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांपासून हे स्पष्ट आहे. गाडीसाठी वेगळं कनेक्शन हवं असेल तर फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्त नियमांनी तेही मागता येतं, आणि ग्रामीण भागात नवीन जोडणीची मुदत पंधरा दिवसांची केली आहे (डोंगराळ भागाला तीसच). अर्ज केल्याची पोच घ्या, तारखेसकट. पोच नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून?

आता मोटारीच्या खोलीकडे येतो. इथे अनेकांना राग येईल, तरी लिहितो. साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना एप्रिल २०२४ पासून बिल येत नाही. त्यामुळे काही जणांनी गाडीची पिन स्टार्टरच्या पेटीशेजारी नेली आहे. वीज कायदा २००३ चं कलम १२६ नीट वाचा: ज्या कामासाठी जोडणी दिली ते सोडून दुसऱ्या कामाला वीज वापरली, तर दुप्पट दराने आकारणी होते, आणि कधीपासून वापर चालू होता ते सांगता आलं नाही तर मागचे बारा महिने धरतात. पण मला पैशापेक्षा दुसरीच भीती वाटते. विहिरीवर न्यूट्रल सापडला नाही म्हणून एक फेज आणि अर्थिंगची तार जोडून बल्ब लावायची आपल्याकडे जुनी सवय आहे. त्याच जोडणीवर गाडी लावली आणि अर्थिंगची तार कुठे तुटली, तर त्या तारेला जोडलेल्या लोखंडात करंट येतो. ओल्या जमिनीवर अनवाणी माणूस, आणि हात स्टार्टरच्या पेटीवर किंवा गाडीच्या सांगाड्यावर. पुढचं लिहायला नको.

अर्थिंगबद्दल आपण सगळेच बेफिकीर आहोत. आपल्याकडे वर मुरूम आणि खाली काळा कातळ. पावसाळ्यात चांगली असलेली अर्थिंग एप्रिलमध्ये नावालाच उरते. खड्ड्यात कोळसा-मीठ भरून उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली पाणी ओतणं हे आजोबांच्या पिढीला माहीत होतं. आता नळीवर टाइल बसवून टाकतात. चारचाकीचे चार्जर तर अर्थिंग नीट नसेल तर चालूच होत नाहीत, आणि लोक कंपनीला शिव्या घालतात.

बरं, घर नीट केलं तरी डीपीचं काय? एका डीपीवर वस्तीची घरं, त्यात सिंगल फेजवर कपॅसिटर लावून चालवलेल्या मोटारी. संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज पडतं, ट्यूब फडफडते. स्कूटरचा चार्जर साधारण साडेसातशे वॉटचा. २३० व्होल्टला तो सव्वातीन अँपिअर ओढतो. व्होल्टेज १६० वर आलं की तेवढ्याच कामासाठी पावणेपाच ओढू लागतो, किंवा सरळ बंद पडतो. म्हणजे कमी व्होल्टेजला वायर जास्त तापते. एका घरात एक स्कूटर असेपर्यंत हे झाकून जातं. दहा घरांत दहा झाल्या आणि त्यात दोन चारचाकी आल्या की काय होईल? चारचाकी साध्या सोळा अँपिअरच्या प्लगवर लावली तरी सव्वातीन किलोवॉट ओढते, तेही रात्रभर, आठ-दहा तास. त्याला चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, स्वतःचा एमसीबी आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. भिंतीवरचा सात किलोवॉटचा बॉक्स बसवायचा असेल तर बत्तीस अँपिअर, आणि बहुतेक घरांना मग मंजूर भार वाढवून थ्री फेजच घ्यावं लागतं. बिलावर मंजूर भार छापलेला असतो. किती जणांनी तो आकडा कधी वाचलाय?

आणि रात्र म्हटलं की बिबट्या आला. शेतीला दिवसा वीज द्या, ही आपली मागणी त्याच्यामुळेच आहे. रात्रीची मोटार चालू करायला उसाच्या कडेने जाणं किती महाग पडतं ते जुन्नर वन विभागातल्या कुठल्याही गावाला विचारा. मग गाडीसाठी ती रात्र पुन्हा कशाला ओढवून घ्यायची? मी अशी घरं पाहिलीत, जिथे रात्री अकराला कोणीतरी गोठ्यापर्यंत पिन काढायला जातं, "जास्त चार्ज होऊन फुटेल" म्हणून. अहो, बॅटरी भरली की ती आपोआप थांबते. २०२२ मध्ये लोहगावला रस्त्यात पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ सगळ्यांच्या डोक्यात बसलाय, ते समजू शकतो. त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम, एआयएस १५६, दोन टप्प्यांत कडक झाले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ ला. पिन काढायला रात्री जाऊ नका. गाडी मात्र झोपायच्या खोलीत किंवा घराच्या एकुलत्या दारात लावू नका, काही झालं तर बाहेर पडायची वाट तीच असते.

जमेल त्याने दिवसा चार्ज करावी. छपरावर सोलर असेल तर उत्तमच. सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार अनुदान आहे आणि दिवसाला दहा-बारा युनिट सहज मिळतात, म्हणजे घर आणि स्कूटर दोन्ही. फक्त एक लक्षात ठेवा, लाईट गेली की साधी ऑन-ग्रिड सोलरही बंद पडते, विकणारे हे शेवटी सांगतात.

आता तुमच्याकडून एक हवंय. नव्या मीटरवर आकडे फिरतात, त्यात व्होल्टेजही दिसतं. रात्री आठला आणि पहाटे पाचला ते बघा, डीपीवर किती घरं आहेत ते मोजा, आणि गावाचं नाव घालून मला पाठवा. पंचवीस-तीस वस्त्यांचे आकडे जमले की कागद करून घोडेगाव आणि जुन्नरला देतो. डीपी वाढवून मागायची तर "व्होल्टेज कमी आहे हो साहेब" एवढ्यावर कोणी हलत नाही.