ओटी, इरले आणि पाण्याचा तांब्या

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे सह्याद्रीला टेकलेले तालुके. माहुलीपासून सिद्धगडापर्यंतच्या डोंगरांखाली भाताची खाचरे आणि त्यांना धरून कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी यांच्या वाड्या-पाडे. इथल्या जुन्या राहणीत कारागिरी आणि शिष्टाचार वेगळे काढता येत नाहीत. जी काळजी टोपली विणताना घ्यायची, तीच दारात आलेल्या माणसाची घ्यायची, अशी ही राहणी आहे. तिची कदर आज करायची तर आधी ती नीट पाहायला हवी.

सुरुवात घरापासून. जुन्या घराची भिंत कुडाची. डोंगरउतारावरची कारवी आठ वर्षांनी एकदा रानभर फुलते, बी टाकते आणि वाळते. तिच्या सरळ काठ्या ओळीने उभ्या लावायच्या, बांबूच्या कामट्यांनी आडव्या आवळायच्या आणि दोन्ही अंगांनी शेणमातीने लिंपायच्या. अशी भिंत पातळ असते, त्यामुळे दिवसाची उष्णता रात्रभर धरून ठेवत नाही. पावसाचा मारा तिला सोसत नाही, म्हणून छप्पर इतके खाली उतरवलेले असते की आत शिरताना वाकावे लागते आणि पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. छपरावर आधी पेंढा किंवा नळीची कौले असत. मंगळुरात 1865 मध्ये बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढल्यावर ती चपटी मंगलोरी कौले कोकणभर पसरली आणि इथेही आली. ऐपतदार घरांत सागाचे खांब आणि तुळया असत. लाकडाला खाच पाडून दुसरे लाकूड तीत असे बसवायचे की खिळ्याची गरजच पडू नये.

या भागातल्या वस्तूंत सर्वांत विचारपूर्वक घडवलेली वस्तू कोणती, याचे उत्तर पावसात पाठीवर घ्यायचे इरले हेच द्यावे लागेल. कामट्यांची जाळीदार वीण, तिच्यावर पळसासारख्या रुंद पानांचे एकमेकांवर चढलेले थर आणि पाने उडू नयेत म्हणून वरून पुन्हा विरळ वीण, एवढाच त्याचा ऐवज. पण ते उभ्या माणसासाठी नाही, वाकलेल्या माणसासाठी आहे. आवणीला बाई चिखलात दिवसभर कमरेत वाकून रोपे लावते. छत्री धरली तर एक हात अडकतो. इरले डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठीवर आडवे बसते, दोन्ही हात मोकळे राहतात आणि खालून वारा खेळत असल्याने घामाची घुसमट होत नाही. ते घडवणाऱ्याने आवणी करणाऱ्या पाठीचे वळण नेमके ओळखले होते. आता त्याची जागा प्लॅस्टिकच्या खोळीने घेतली आहे. ती स्वस्त आणि हलकी आहे हे खरेच, पण आत माणूस घामाने भिजतो.

बांबूचे काम रानातच सुरू होते. कोवळा बांबू घ्यायचा नाही, तीन-चार वर्षांचा जून पाहायचा. तोड पावसाळ्यात करायची नाही. पावसाळा सरल्यावर, थंडीत करायची. बांबूत पिष्टाचा अंश जास्त असला की त्याला भुंगा लागतो आणि सहा महिन्यांत टोपलीतून पिवळी भुकटी गळू लागते. जुन्या कारागिरांकडे त्यासाठी शास्त्रीय शब्द नव्हते, पण वेळ मात्र अचूक होती. सूप, हारा, डालगे, भात साठवायची कणगी अशा सगळ्यांचा टिकाऊपणा विणीआधीच, तोडीच्या दिवशी ठरतो.

अशी वृत्ती जगात इतरत्रही दिसते. 1774 मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या ॲन ली या बाईंच्या अनुयायांनी, म्हणजे शेकर पंथीयांनी, साध्या, नक्षीविरहित खुर्च्या आणि पातळ लाकूड वाकवून केलेले लंबगोल डबे बनवले. त्यांच्या घरांत भिंतीभर खुंट्या असत आणि झाडलोटीच्या वेळी खुर्च्या त्यांवर टांगल्या जात. काम हीच उपासना मानणाऱ्या त्या लोकांचे सामान आज अमेरिकेत संग्रहालयांत जपले जाते. शहापूर-मुरबाडच्या इरल्याला मात्र बहुधा माळ्यावर धूळ खावी लागते, आणि त्याचे खरोखर वाईट वाटते.

शिष्टाचाराची जागा ओटी. पाहुणा वहाणा खाली काढतो, हातपाय धुतो आणि ओटीवर टेकतो. पहिल्यांदा पाण्याचा तांब्या येतो. मग पाऊसपाणी, गुरेढोरे, पोरेबाळे यांची विचारपूस होते आणि काय काम आहे ते सर्वांत शेवटी निघते. घाईने कामाच्या गोष्टीवर येणारा माणूस इथे उद्धट ठरतो. त्या तांब्याचे मोल शहरी माणसाला चटकन कळत नाही. तानसा धरण 1892 मध्ये पुरे झाले. पुढे भातसा झाले. दोन्ही शहापूर तालुक्यात आहेत आणि मुंबईच्या पाण्यापैकी जवळपास निम्मे पाणी एकट्या भातसातून जाते. तरी याच तालुक्यातल्या अनेक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावरून आणलेल्या हंड्यातला पहिला तांब्या पाहुण्याला देणे हे नुसते सौजन्य नव्हे, तो स्वतःच्या वाट्यातून काढून दिलेला हिस्सा असतो. आवणीला एकमेकांच्या शेतावर आळीपाळीने राबणे, कुणाकडे मयत झाली की त्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी जेवण नेणे, या रीतीही त्याच मुशीतल्या.

बदलाची कारणे साधी आहेत. जंगलातून साहित्य मिळणे अवघड झाले, सरकारी घरकुले विटा-सिमेंटची आली आणि पावसाळा सरला की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जाऊ लागली. कुडाची भिंत उभारण्यात ज्यांचा हातखंडा, तेच हात दुसऱ्यांच्या घरांच्या विटा पाडतात. शहापूर तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा 5 जून 2025 ला खुला झाला. रस्त्यांबरोबर फार्महाउस आणि रिसॉर्टही वाढले आहेत. त्यांच्या सिमेंटच्या भिंतींवर वारली चित्रे दिसतात. लग्नघरी सुवासिनींनी काढायचा चौक तिथे नुसती सजावट होऊन बसतो. ही कदर नव्हे. कदर करायची तर वस्तू वापरायची, तिचा योग्य दाम घासाघीस न करता द्यायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच कारागिराकडे जायचे.

वाटा अजून बंद झालेल्या नाहीत. 2017 मध्ये भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरच्या बांबूला वृक्षाच्या व्याख्येतून वगळले गेले, त्यामुळे शेताच्या बांधावर लावलेला बांबू तोडणे, वाहून नेणे सोपे झाले. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात भरणारी म्हसा यात्रा गुरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्या-ब्लँकेटांसाठी अजूनही ओळखली जाते. आठवडी बाजारातही सुपे-टोपल्या मिळतात. सूप घेताना कडेची पट्टी सलग गुंफलेली आहे का, कामट्या एकसारख्या तासल्या आहेत का आणि उन्हाकडे धरले तर विणीत भोके दिसतात का, एवढे पाहावे. घरी आणल्यावर ते भिजवलेल्या मेथीच्या लगद्याने किंवा शेणाने दोन्ही बाजूंनी सारवून सावलीत वाळवावे. विणीतल्या फटी भरतात, दाणा अडकत नाही, आणि सूप कितीतरी वर्षे चालते.