सदाशिव पेठेतील नियमांची पाटी

पुण्याच्या सदाशिव पेठेत ‘कॉट बेसिस’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. खोली नव्हे, खोलीतील एक खाट भाड्याने. १९८० साली एम. कॉम. करताना मी अशाच एका खाटेवर राहिलो. गेल्या आषाढात भाचीची सोय पाहण्यासाठी त्याच गल्लीत पुन्हा गेलो.

वाड्यांच्या जागी आता इमारती आहेत. जिन्यापाशी पाटी मात्र आहेच. रात्री दहानंतर दार बंद, पाहुण्यांना खोलीत मज्जाव, गीझर सकाळी सात ते आठ, खोली सोडण्यापूर्वी महिन्याची सूचना. मला यात जाचक काही वाटले नाही. परक्या घरी राहायचे तर मर्यादा आल्याच.

सलत होते ते न लिहिलेले. माझी अनामत रक्कम त्या वेळी परत मिळाली नाही. पावती मी मागितलीच नव्हती. पुढे बँकेत आयुष्यभर इतरांचे कागद तपासताना तो धडा सोबत राहिला.

म्हणून मालकीणबाईंकडे दोन गोष्टी करारात लिहून मागितल्या: अनामत किती दिवसांत परत मिळेल, आणि रात्रिभोजन न करणाऱ्या मुलीला स्वयंपाकघर केव्हा वापरता येईल. खानावळ साडेसातला उघडते. डिसेंबरात पुण्याचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बाईंनी क्षणभर विचार केला आणि लिहिले : ‘पंधरा दिवस. सायंकाळी पाच ते सहा. भांडी स्वतः घासावीत.’

मुलांना परगावी ठेवणाऱ्या पालकांनी पाटी अवश्य वाचावी. पाटीवर जे नाही, तेही विचारून घ्यावे.